देवाचं नाव नको, पण कोरडंही नको

मैत्रिणीचा फोन आला तेव्हा तिच्या बाबांना जाऊन थोडेच दिवस झाले होते. आवाज स्थिर होता, जरा जास्तच स्थिर. "अगं, रविवारी घरीच जमतोय सगळे. बाबांनी लिहून ठेवलंय, कुठलेही विधी करायचे नाहीत. तीन-चार जण बोलतील. आई काही बोलेल असं वाटत नाही. मी एक कविता वाचीन म्हणते. शोधून देशील?" मी हो म्हटलं. मग जरा थांबून ती म्हणाली, "देवाचं नाव नको हं त्यात. बाबांना चाललं नसतं. पण अगदी कोरडंही नको गं." फोन ठेवून मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले. वाटलं होतं, थोड्या वेळाचं काम आहे. पण एकेक संग्रह काढून चाळायला लागले तसं तिच्या त्या दोन अटी एकमेकींना किती अडवतात ते लक्षात यायला लागलं. ज्या कवितांमध्ये ओल होती त्यांत कुठे ना कुठे विठ्ठल होता, हरी होता, निदान वर कुठेतरी 'तो' तरी होता. ज्यांत देव नव्हता त्यांतल्या बऱ्याचशा इतक्या चोख आणि शहाण्या होत्या की गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर उभं राहून वाचवल्याच नसत्या.

रात्री उशिरापर्यंत पुस्तकांचा ढीग जमिनीवर तसाच पडून होता. पिवळ्या पडलेल्या पानांचा तो धुळकट, किंचित आंबूस वास बोटांना लागला होता आणि डोक्यात तिचं वाक्य फिरत होतं. तिने फोनवर सहज जे मागितलं, तेच तर आधुनिक कविता गेली शंभर वर्षं मागते आहे, असं मला त्या रात्री वाटलं. देवाचं नाव घ्यावं तर जीभ अडखळते, खोटं बोलल्यासारखं होतं. आणि ते नाव वगळून जे उरतं ते इतकं रखरखीत की त्यात मुक्काम करवत नाही. या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत कितीतरी मोठे कवी उभे राहिले, आणि त्यांपैकी फार थोड्यांना तिथून पुढे वाट सापडली.

ढिगात सगळ्यात वर टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही दीर्घ इंग्रजी कविता होती. ती प्रसिद्ध झाली १९२२ साली. एलियट तेव्हा लंडनच्या लॉइड्स बँकेत नोकरी करत होता. आदल्या वर्षी मन इतकं खचलं होतं की तीन महिन्यांची रजा काढून तो आधी मार्गेटच्या किनाऱ्यावर आणि मग उपचारांसाठी स्वित्झर्लंडमध्ये लोझानला जाऊन राहिला. कवितेचा बराच भाग त्या रजेतला आहे. पहिल्या भागाच्या शेवटी हिवाळी पहाटेच्या तपकिरी धुक्यात लंडन ब्रिजवरून माणसांचा लोंढा वाहत येतो, आणि निवेदक म्हणतो की मृत्यूने एवढ्यांना संपवलं असेल असं वाटलं नव्हतं. ही ओळ मुळात इटालियन महाकवी दान्तेची, नरकाच्या वेशीवर ताटकळणाऱ्या जिवांबद्दलची. धड पुण्य नाही आणि धड पापही नाही, असं जगून गेलेल्या माणसांची ती रांग. एलियटने ती उचलून कचेरीला निघालेल्या कारकुनांवर ठेवली. प्रत्येकाची नजर आपापल्या पावलांपुढे खिळलेली. सेंट मेरी वूलनॉथ चर्चचं घड्याळ नऊचे ठोके देतं आणि शेवटच्या ठोक्याचा आवाज मेलेला येतो. या ओळीला एलियटने टीप जोडली आहे. दान्ते, बॉदलेअर, उपनिषदं असं सगळं नोंदवणाऱ्या त्या भारदस्त टिपांमध्ये इथे तो एवढंच सांगतो की ही गोष्ट माझ्या बऱ्याचदा लक्षात आलेली आहे. इथे मी दर वेळी थबकते.

नरकाचं वर्णन करणारा माणूस त्याच गर्दीतून रोज कामावर जात होता.

पुढे तिसऱ्या भागात संध्याकाळी खोलीवर परतलेली टायपिस्ट मुलगी आहे. सकाळच्या न्याहारीची भांडी आवरते, स्टोव्ह पेटवते, डब्यांतलं खाणं काढून मांडते. एक तरुण कारकून येतो. जे घडतं त्याला तिचा विरोध नसतो, इच्छाही नसते. तो अंधाऱ्या जिन्यावरून चाचपडत निघून जातो. ती आरशात क्षणभर बघते, झालं एकदाचं असं काहीसं तिच्या मनात येतं, यंत्रवत हाताने केस सारखे करते आणि ग्रामोफोनवर तबकडी लावते. कोणी कोणाचं नाव घेत नाही. ही खोली वाचली की मला हटकून मर्ढेकरांची ती ओळ आठवते, जी आठवायला पुस्तक उघडावं लागत नाही:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ साली आला. या चार ओळींवर मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की आता उंदीर कोण आणि पिंप कसलं, या चर्चेत मला शिरायचं नाही. मला त्यांतला ठेका अस्वस्थ करतो. सोळा मात्रांची ही चाल लहानपणीच्या किती गाण्यांतून कानावर पडलेली असते. पायाने ताल धरावा अशी ती चालते, आणि त्या तालावर एकेक गोष्ट हिरावून घेत जाते. मान पडली, पण कोणी मुरगळलेली नाही, म्हणजे मारणारासुद्धा नाही. ओठ मिळाले, पण ओढ नाही, म्हणजे दुसराही नाही. थोडं पुढे 'जगायची पण सक्ती आहे. मरायची पण सक्ती आहे' असं येतं तेव्हा विचारावंसं वाटतं, कोणाची सक्ती? कवितेत उत्तर नाही. पूर्वी दैव होतं, प्राक्तन होतं, वर बसलेला एक मालक होता. निदान बोट रोखायला जागा होती. 'मी एक मुंगी, हा एक मुंगी, तूं एक मुंगी, ती एक मुंगी' या दुसऱ्या कवितेत तर सर्वनामांची ओळच लागते, आणि सगळ्यांना तोच एक शब्द चिकटतो. तिथे 'तूं' आहे खरा, पण त्याला हाक मारून उपयोग नाही, तो गणतीत गेलेला आहे.

ज्याच्याशी भांडावं, असंही कोणी समोर उरलेलं नाही.

भांडण म्हटलं की आपल्याला अर्थातच तुकोबा आठवतात. त्या रात्री गाथाही ढिगात होती, काही उपयोगाची नाही हे माहीत असून काढलेली. देवाचं नाव नको म्हटल्यावर तुकारामाकडे कशाला जायचं? पण पानं उलटताना तो अभंग समोर आला: 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥' सतराव्या शतकातली ही ओळ. युरोपात जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा वेडा माणूस लख्ख सकाळी कंदील पेटवून बाजारात देवाला शोधत आला आणि 'आपणच मारलं त्याला' म्हणून ओरडला, ते १८८२ साली. दोन्ही वाक्यं वरवर सारखी वाटतात. पण तुकोबांचा पुढचा चरण वाचला की त्यांच्यातलं अंतर कळतं: 'गोष्टी न करीं नांव नेघें । गेलों दोघें खंडोनि ॥' मी आता त्याची गोष्ट काढणार नाही, नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. देव मेला म्हणून सांगतानाही तिथे दोघं आहेत. संबंध तोडायलासुद्धा पलीकडे कोणीतरी लागतं, आणि तुकोबांना ते आहे याची इतकी खात्री आहे की ते बिनधास्त मेला म्हणून मोकळे होतात. नीत्शेच्या वेड्याच्या समोर फक्त हसणारी माणसं आहेत. तो कंदील जमिनीवर आपटतो आणि म्हणतो, मी फार लवकर आलो. मर्ढेकरांच्या पिंपात तर कंदील आपटणाराही नाही.

आध्यात्मिक पोकळी हा शब्दप्रयोग आपण सैलपणे वापरतो. श्रद्धा गेली, मूल्यं ढासळली, युद्धांनी सगळं उद्ध्वस्त केलं, असं प्रस्तावनांमध्ये लिहिलेलं असतं आणि त्यात चूक काही नाही. पण या कविता जवळून वाचताना मला दिसतं ते असं, की त्यांना श्रद्धा गेल्यापेक्षा हाक गेल्याचं दुःख जास्त आहे. कोणाला उद्देशून बोलायचं, हेच त्यांना ठाऊक नाही. 'वेस्ट लँड'च्या दुसऱ्या भागात नवरा-बायकोचा तो भयंकर संवाद आहे. ती म्हणते, आज माझं डोकं ठिकाणावर नाही, थांब माझ्याजवळ, बोल माझ्याशी, तू कधीच का बोलत नाहीस? कसला विचार करतोयस? आणि तो म्हणतो, मला वाटतं आपण उंदरांच्या गल्लीत आहोत, जिथे मेलेल्यांची हाडंसुद्धा हरवली. इथेही उंदीर! पण खरी गोष्ट छपाईत दडलेली आहे. तिचं बोलणं अवतरणचिन्हांत आहे, त्याचं नाही. म्हणजे त्याने हे तोंडाने म्हटलेलंच नाही, मनातल्या मनात म्हटलं. तिच्या वाट्याला शांतताच आली. कवितेचं हस्तलिखित कितीतरी वर्षं गहाळ होतं, १९७१ साली ते जसंच्या तसं छापलं गेलं. त्यात याच पानाच्या समासात एलियटच्या बायकोने, व्हिव्हिएनने, लिहिलेलं दिसतं: 'वंडरफुल'. या दोघांचं लग्न किती दुःखात संपलं ते माहीत असल्याने तो शब्द मला वाचवत नाही. घरात जे बोलणं होऊ शकलं नाही, ते कवितेत उतरलेलं पाहून तिने दाद दिली.

जर्मनमध्ये लिहिणाऱ्या रिल्के या कवीच्या बाबतीत तर ही हाक अगदी शब्दशः आली. १९१२ सालचा जानेवारी, एड्रियाटिक समुद्रावरच्या कड्यावरचा दुईनोचा किल्ला. कुठलंसं व्यवहाराचं कंटाळवाणं पत्र आलेलं, त्याला काय उत्तर द्यावं याचा विचार करत रिल्के बाहेर भर वाऱ्यात फेऱ्या मारत होता, आणि त्याला वाऱ्यातून एक ओळ ऐकू आली, अशी हकीकत त्याच्या यजमानीणबाईंनी, म्हणजे राजकन्या मारी फॉन थुर्न उंड टाक्सिस यांनी, लिहून ठेवली आहे. मी ओरडलोच, तर देवदूतांच्या त्या श्रेणींमधून माझं ऐकेल तरी कोण? त्याच्या 'दुईनो एलिजीज' या विलापिकांमधल्या पहिलीची ही सुरुवात. मला नवल वाटतं ते पुढच्या ओळींचं. तो ओरडत नाही. घशाशी आलेला हुंदका, ती हाक, गिळून टाकतो. मग महायुद्ध आलं, सैन्यातली सक्तीची भरती आली, आणि दहा विलापिका पूर्ण व्हायला १९२२ चा फेब्रुवारी उजाडला. म्हणजे 'वेस्ट लँड'चंच वर्ष. एक हाक गिळल्यावर ती पुन्हा वर यायला दहा वर्षं लागली. इतक्या वर्षांचा तो अवंढा मला त्या कवितांच्या प्रत्येक लांब, तुटणाऱ्या ओळीत जाणवतो. त्याला शेवटी देव सापडला असं मी म्हणणार नाही. देवदूताला या जगातल्या साध्या वस्तू दाखव, घर, पूल, विहीर, दार, असं तो स्वतःला सांगायला लागला. कोणाला तरी काहीतरी दाखवावंसं वाटणं, एवढं त्याला परत मिळालं.

एलियटची वाट निराळी. हार्वर्डला असताना १९११ पासून त्याने चार्ल्स लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकून घेतलं होतं, आणि कविता शेवटाला आली तेव्हा तो बृहदारण्यक उपनिषदातल्या त्या गोष्टीकडे वळला. पाचव्या भागात नुसता खडक आहे, पाणी नाही. पाणी असतं तर थांबून प्यायलो असतो, निदान खडकावरून पाणी वाहिल्याचा आवाज तरी, असं बरळत चालणाऱ्या माणसाचा श्वास त्या तुटक ओळींतून ऐकू येतो. मग गंगा आटली आहे, मलूल पानं पावसाची वाट पाहताहेत, दूर हिमवंतावर काळे ढग जमले आहेत. आणि गडगडाट: द. दत्त, दयध्वम्, दम्यत. मूळ गोष्टीत देव, माणसं आणि असुर ही प्रजापतीची लेकरं शिक्षण संपवून त्याच्याकडे येतात आणि म्हणतात, आता आम्हाला सांगा. तो प्रत्येकाला एकच अक्षर देतो. देवांना त्यातून दमन करा असं ऐकू येतं, माणसांना द्या, असुरांना दया करा. एलियटने हा क्रम बदलून माणसांचं 'द्या' सगळ्यांत आधी घेतलं, हे अभ्यासक सांगतात. पण त्याने वगळलेली एक गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. उपनिषदात अक्षर दिल्यावर प्रजापती दर वेळी विचारतो, कळलं का? लेकरं म्हणतात, कळलं, तुम्ही अमुक करा म्हणालात. आणि तो म्हणतो, ॐ, कळलं तुम्हाला. प्रश्न, उत्तर आणि पावती, असं बोलणं पुरं होतं. एलियटच्या कवितेत पावती नाही. गडगडाट झाला, माणसाने आपल्यापुरता अर्थ लावला, आणि तो बरोबर आहे की चूक हे सांगायला कोणी थांबलेलं नाही. पाऊस खरंच पडला का, तेही कवितेत ठामपणे सांगितलेलं नाही.

तरीही त्या 'दत्त'नंतरच्या ओळींमध्ये काहीतरी हललेलं आहे. आपण काय दिलं? असा प्रश्न येतो, आणि उत्तराच्या सुरुवातीला, सबंध कवितेत फार क्वचित ऐकू येणाऱ्या सुरात, एक साधं संबोधन येतं: मित्रा. काळीज हादरवणारं रक्त, क्षणभर स्वतःला देऊन टाकण्याचं ते भीषण धाडस, जे शहाणपणाचं एक अख्खं युगही मागे घेऊ शकत नाही. याच्यामुळे, फक्त याच्यामुळे आपण होतो. आणि हे मृत्युलेखांत सापडणार नाही, रिकाम्या खोलीत वकिलाने सील तोडून उघडलेल्या मृत्युपत्रातही नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून मैत्रिणीच्या बाबांचा विचार करत बसले. त्यांच्याबद्दल जे बोललं जाणार होतं त्यात नोकरी येणार होती, शिस्त येणार होती, त्यांचा कडक नास्तिकपणा तर येणारच होता. पण कधीतरी, कोणासाठी तरी, हिशेब न करता त्यांनी स्वतःला देऊन टाकलं असेल, ते कोण सांगणार? त्याची नोंद कुठे असते?

शेवटी मी तिला मर्ढेकरच पाठवले. पिंपातले नव्हेत, हे, शेवटाकडचं 'मुरारी' असलेलं कडवं तेवढं वगळून:

भंगूं दे काठिन्य माझें
आम्ल जाऊं दे मनींचें;
येऊं दे वाणींत माझ्या
सूर तुझ्या आवडीचे.

लगेच तिचा फोन. "अगं, ही तर प्रार्थना आहे." मी म्हटलं, "हो. पण देवाचं नाव कुठंय?" ती गप्प झाली. पानं उलटल्याचा आवाज आला. तिने सगळी कविता पुन्हा मनात वाचली असावी, कारण बऱ्याच वेळाने म्हणाली, "नाहीये खरंच." रविवारी तिने ती वाचली. वाचायची तिला सवय नाही, दुसऱ्या कडव्यात एकदा अडली, पुन्हा मागे जाऊन ओळ घेतली. खोलीत मागे उभं राहून ऐकताना माझ्या लक्षात आलं की तिथल्या प्रत्येकाने त्यातला 'तू' आपापल्या परीने लावून घेतला आहे. तिच्या काकूंनी हात जोडले होते. तिची आई, जी काही बोलणार नव्हती आणि बोललीही नाही, ती सरळ फोटोकडे बघत होती. 'सूर तुझ्या आवडीचे' ही ओळ तिच्यापर्यंत कोणत्या अर्थाने पोचली ते सांगायला नको. आणि वाचणारी? ती कोणाला उद्देशून वाचत होती हे मी तिला विचारलं नाही. पण तिच्या आवाजातला फोनवरचा तो ताठरपणा गेला होता.

ही कविता मी कितीतरी वर्षं ओळखते आहे, पण त्या दिवसानंतर ती मला निराळी दिसायला लागली. हाताच्या बोटांवर मोजून पाहिलं तर ओळीला आठ अक्षरं येतात. ओवी-अभंगांतून मराठी कानाला पिढ्यान् पिढ्या ओळखीची झालेली ही आठांची मोजणी. 'कितितरी दिवसांत / नाही चांदण्यात गेलो' ही मर्ढेकरांची दुसरी कविता मोजली तरी आठच. लंडनला शिकून आलेला, आकाशवाणीत नोकरी करणारा, सौंदर्यशास्त्रावर इंग्रजीत आणि मराठीत लिहिणारा हा कवी, यंत्र आणि गर्दी आणि मुडदे मराठी कवितेत आणणारा. तो जेव्हा मागायला उभा राहतो तेव्हा त्याची जीभ आपसूक त्या जुन्या लयीत शिरते. मला हे परंपरेकडे परत जाणं वाटत नाही. आतलं सगळं मोडलं की माणूस ज्या लयीत पहिल्यांदा बोलायला शिकला त्या लयीतच बोलतो, आणि मराठीत ती लय बहुतेक अशीच असणार.

आणि तो काय मागतो ते पाहा. मोक्ष मागत नाही, तुझं दर्शन दे असंही म्हणत नाही. माझा कठीणपणा फुटू दे म्हणतो. मनातली आंबटाई जाऊ दे म्हणतो. 'जाऊं दे कार्पण्य मीचें, दे धरूं सर्वांस पोटीं' म्हणतो. हे कार्पण्य, म्हणजे मनाचा कोतेपणा, गीतेतलं. अर्जुनाचा सगळा युक्तिवाद संपतो, तो कार्पण्यदोषाने मी झाकोळून गेलोय अशी कबुली देतो आणि मग कृष्णाकडे वळून म्हणतो, सांग मला. तोवर तो कृष्णाला आपलं म्हणणं पटवत होता, इथे तो पहिल्यांदा विचारतो. मर्ढेकरांना हे नक्की ठाऊक असणार. पण लगेच पुढे येतं, 'भावनेला येऊं दे गा शास्त्र-काट्याची कसोटी'. ही मागणी कुठल्या संताने केली असती असं मला वाटत नाही. ज्याला मागायचं तो आहे की नाही याचीच खात्री नाही, आणि त्याच्याकडेच मागणं असं की माझी भावना तराजूच्या काट्यावर खरी उतरू दे. मैत्रिणीच्या बाबांनाही हे चाललं असतं, असं मला मनापासून वाटतं.

एलियट पुढे सरळ चर्चमध्ये गेला. १९२७ साली फिनस्टॉक नावाच्या गावी, दारं बंद ठेवून, त्याचा बाप्तिस्मा झाला. ही बातमी कळल्यावर लेखिका व्हर्जिनिया वुल्फने बहिणीला लिहिलं की बिचारा टॉम आता आपल्या सगळ्यांच्या दृष्टीने मेलाच. मला हा कठोरपणा पटत नाही. 'ॲश वेन्सडे' या कवितेत तो जेव्हा म्हणतो की आम्हाला आस्था ठेवायला शिकव आणि न ठेवायलाही शिकव, आम्हाला स्वस्थ बसायला शिकव, तेव्हा त्या ओळीतली थकलेली नम्रता माझ्यासारख्या चर्चची पायरी न चढलेल्या बाईलाही आपली वाटते. आणि 'फोर क्वार्टेट्स' या त्याच्या कवितामालेतली 'ईस्ट कोकर', १९४० सालची, ऐन युद्धातली. आशेविना वाट पाहा, कारण आशा केलीस तर ती भलत्याच गोष्टीची असेल. इतकं मोकळं रिकामपण त्याला 'वेस्ट लँड' लिहिताना जमलेलं नव्हतं. तेव्हा तो पाऊस मागत होता, आता वाट पाहणं त्याला पुरतं. पण 'फोर क्वार्टेट्स' वाचताना मला कधीकधी वाटतं, याच्या पायाखाली आता जमीन आहे. आणि माझ्या पायाखाली नसते त्या दिवसांत ती कविता मला थोडी दूर जाते.

अशा दिवसांत पॉल सेलान जवळचा वाटतो, जरी तो वाचणं सोसत नाही. आईवडील नाझींच्या छळछावणीत गमावलेला हा ज्यू कवी आयुष्यभर जर्मनमध्ये लिहीत राहिला, म्हणजे आईच्या भाषेत, आणि तीच मारेकऱ्यांचीही भाषा होती. १९६३ च्या संग्रहातल्या 'स्तोत्र' या कवितेत तो म्हणतो, आता कोणीच आपल्याला माती मळून पुन्हा घडवणार नाही, कोणीच आपल्या धुळीवर मंत्र म्हणणार नाही. आणि लगेच त्या 'कोणीच नाही'ला तो हाक मारतो: कोणीच नसलेल्या तुझी स्तुती असो. तुझ्यासाठी आम्ही फुलू. ही थट्टा आहे असं काही जण मानतात. मला ती थट्टा कधीच वाटली नाही. एवढा विध्वंस पाहिल्यावर देवाचं नाव घेणं अशक्य, आणि हाक मारायचं सोडणं त्याहून अशक्य. मग त्या रिकाम्या जागेलाच उद्देशून बोलायचं. देवाचं नाव नको आणि कोरडंही नको, या अटींवर इतकी घट्ट उभी राहिलेली दुसरी कविता मला माहीत नाही. मैत्रिणीला मी ती पाठवू शकले नाही, कारण त्या खोलीत ती कोणालाच झेपली नसती.

मर्ढेकर मात्र झेपतात, आणि ते केवळ मराठीत आहेत म्हणून नव्हे. शेवटी शेवटी ते संतांकडे परतले, बंडखोर निवळला, असं म्हणणारे लोक मला अधूनमधून भेटतात. त्यांना मी त्याच कवितेतल्या आणखी दोन ओळी म्हणून दाखवते: 'राहूं दे स्वातंत्र्य माझें / फक्त उच्चारांतलें गा'. बाकी सगळं घे म्हणतोय तो. कठीणपणा घे, जिभेचा लोभ जाळ, द्वेष थिजव, 'मी'चं कार्पण्य ने. एक उच्चार तेवढा माझा राहू दे. 'काही कविता' अश्लील ठरवून ज्या कवीवर सरकारने खटला भरला आणि जो त्यातून निर्दोष सुटला, त्याच्या तोंडी हा 'फक्त' येतो. ज्याच्यापुढे तो गुडघे टेकतो आहे त्याच्यासमोरही तो आपलं बोलणं गहाण ठेवायला तयार नाही. तुकोबांनी 'देव मेला' म्हणताना जे स्वातंत्र्य हक्काने घेतलं होतं, ते मर्ढेकरांना मागून घ्यावं लागतं आहे, तेही ऐकणारा आहे की नाही हे ठाऊक नसताना.